पावती कुणाच्या नावावर?

(सावित्रीबाई फुले जयंतीनिमित्त लालबाग इथे भरलेल्या महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. उदाहरणांतल्या बायकांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)



'पुनर्विकास' या विषयावर एका बाईने बोलावं असं संयोजक मैत्रिणींनी सुचवलं, तेव्हा मला बरं वाटलं. आपल्या चाळींतून या विषयावर ज्या सभा होतात त्यांत बोलणारे बहुतेक पुरुष असतात. पुढच्या खुर्च्यांवर समितीचे लोक, बिल्डरचा माणूस आणि त्याचा आर्किटेक्ट. बायका गॅलरीत उभ्या राहून ऐकतात, आतून कुकरची शिट्टी झाली की घरात जातात. सभा संपल्यावर नवऱ्याला विचारतात, "काय ठरलं?" तो म्हणतो, "चारशे फूट देतोय." तिच्यापुरती सभा तिथेच संपते.

मी गेली दहा वर्षं लालबाग, परळ, गिरगाव या भागात काम करते. समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण संपवून बाहेर पडले तेव्हा वाटलं होतं, आपल्याकडे येणाऱ्या बायका मारहाण, हुंडा, टाकून दिलेलं असणं अशा तक्रारी घेऊन येतील. त्या येतातच. पण अलीकडे बाई सल्ला केंद्रात येते, पिशवीतून प्लास्टिकची फाईल काढते, तर तिच्यात बिल्डरचं पत्र असतं. कधी डॉक्टरचा दाखलाही असतो, आणि थोडं बोलल्यावर कळतं की मारहाण नेमकी ते पत्र आल्यापासून वाढली आहे. घराची किंमत वाढली की घरातल्या बाईची किंमत वाढते असं नाही. अनेकदा ती अडचण होऊन बसते.

सुरुवातीलाच स्पष्ट करते, मी पुनर्विकासाच्या विरोधात बोलायला उभी नाही. शंभर वर्षांच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत संसार केलेल्या बाईला मी काय सांगणार की हेच चांगलं आहे? मजल्याच्या टोकाला सार्वजनिक संडास, रात्री एकटीने जायची भीती, म्हणून संध्याकाळनंतर पाणी न पिणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. घरात मोरीपाशी पडदा लावून अंघोळ करणाऱ्या वयात आलेल्या मुली पाहिल्या आहेत. शिवाय जुन्या इमारती पडतात. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडीबाजारात हुसैनी इमारत कोसळली, तेहतीस माणसं गेली. घराच्या आत संडास-बाथरूम असलेलं धड घर हवं, ही मागणी सगळ्यांत आधी बाईची आहे. प्रश्न एवढाच की ते घर मिळाल्यावर त्यात तिची जागा कुठे?

जमीन सोन्याची कशी झाली

थोडा इतिहास सांगते. आपल्या या चाळी गिरणीकामगार, गोदीकामगार, कारकून, छोटे व्यापारी यांच्या वस्तीसाठी उभ्या राहिल्या. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला गोठवली. त्यामुळे साधा माणूस शहराच्या मध्यावर टिकून राहू शकला. पण मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही, हेही तितकंच खरं. इमारती पडायला लागल्या तेव्हा १९६९ साली कायदा करून दुरुस्ती मंडळ नेमलं आणि उपकर घेऊन दुरुस्ती करायची व्यवस्था झाली. म्हणून या इमारतींना 'उपकरप्राप्त' म्हणतात. तेव्हा त्या १९ हजारांच्या वर होत्या. आजही तेरा-चौदा हजार उभ्या आहेत आणि त्यांत लाखो माणसं राहतात.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. तो कसा चालला आणि त्यात घराघरांतल्या बायकांनी काय सोसलं, हे इथे बसलेल्या कितीतरी जणींना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकायला वाट करून दिली. एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला, अशी ती वाटणी होती. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. २००५ साली सरकारी गिरण्यांच्या जमिनी विकल्या गेल्या, तेव्हा लोअर परळच्या मुंबई टेक्स्टाइल मिलचे ७०२ कोटी आले आणि दादरच्या कोहिनूर क्रमांक तीनचे ४२१ कोटी. हे आकडे ऐकल्यावर शेजारच्या चाळींकडे बघण्याची सगळ्यांचीच नजर बदलली. मालकाची बदलली, बिल्डरची बदलली आणि घरातल्या माणसांचीही बदलली.

उपकरप्राप्त चाळीच्या पुनर्विकासाचा हिशेब साधा आहे. नियमावलीतल्या ३३(७) या कलमाखाली जुन्या भाडेकरूला नवं घर फुकट आणि मालकीचं मिळतं. ते किमान ३०० चौरस फूट चटईक्षेत्राचं असावं लागतं. त्या बदल्यात बिल्डरला जास्तीचं बांधकाम करून बाजारभावाने विकता येतं. म्हणजे शंभर-दीडशे रुपये भाड्याच्या खोलीचं एका सहीनिशी कोट्यवधींचं घर होतं. ती सही कुणाची, इथे आपला विषय सुरू होतो.

पावतीवरचं नाव

आपल्याकडे खोली कुणाची हे ठरतं भाडेपावतीवरून. आजोबा कोकणातून किंवा घाटावरून आले, कधीतरी पागडी देऊन खोली घेतली, पावती त्यांच्या नावावर झाली. मेहताजी दर महिन्याला यायचा आणि भाडं घेऊन पावती द्यायचा. भाडं देणारा हात बहुतेक वेळा आजीचा किंवा आईचा असायचा. ते पैसेसुद्धा कित्येकदा तिनेच खानावळीतून, शिवणकामातून, पापड लाटून बाजूला ठेवलेले असायचे. पण पावतीवर तिचं नाव कधी आलं नाही. आजोबा गेले, पावती वडिलांच्या नावावर झाली. वडील गेले, ती थोरल्या भावाच्या नावावर झाली. आईने आणि बहिणींनी 'आमची हरकत नाही' अशा कागदावर सह्या केल्या. तो कागद काय आहे हे बहुतेकींना कुणी वाचून दाखवलं नाही. "पावती बदलायचीय, सही कर," एवढंच सांगितलं.

आता कायदा काय म्हणतो बघा. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम ७ मध्ये भाडेकरू कोण याची व्याख्या दिली आहे. भाडेकरू वारला तर मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर राहत असलेली कुटुंबातली कुणीही व्यक्ती भाडेकरू होऊ शकते. अशी कुणी नसेल तरच बाहेर राहणारा वारस. एकमत झालं नाही तर कोर्ट ठरवेल. यात 'थोरला मुलगा' असा शब्द कुठेही नाही. 'पुरुष' असाही नाही. धर्माचाही उल्लेख नाही, म्हणजे हिंदू असो, मुसलमान असो की ख्रिस्ती, भाड्याच्या घरापुरता नियम एकच आहे. कायदा विचारतो, त्याच्याबरोबर तिथे राहत कोण होतं? मैत्रिणींनो, राहत कोण असतं हो? म्हाताऱ्या सासऱ्याची बेडपॅन उचलायला, नळाला पाणी आल्यावर पिंप भरायला तिथे कोण असतं?

माझ्याकडे गिरगावातली एक बाई आली. लग्न मोडल्यावर ती माहेरी परतली होती आणि वीस वर्षं आईवडिलांचं सगळं करत होती. भाऊ लग्नानंतर बोरिवलीला स्वतःच्या जागेत गेला. आधी वडील गेले, मग आई. पावती वडिलांच्याच नावावर राहिली होती. पुनर्विकासाची यादी करायची वेळ आली तेव्हा भाऊ आला आणि म्हणाला, "वारस मी आहे. तुला आम्ही काही रस्त्यावर टाकणार नाही." पण तिच्याजवळ कागद होते. त्या पत्त्यावरचं रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, गॅसचं पुस्तक, वडिलांच्या औषधांची तिच्या सहीची बिलं, आणि मालकाच्या माणसाने भाडं घेतल्याच्या नोंदी. हे सगळं लावून आम्ही अर्ज केला. भावाशी तीन बैठका झाल्या. लघुवाद न्यायालयात जायची तयारी आहे हे दिसल्यावर तो समजुतीला आला. नवीन घराचा करार आज तिच्या नावाने आहे. भाऊबीजेला भाऊ अजून येतो, हेही सांगायला हवं. हक्क मागितला की नाती तुटतात अशी भीती आपल्याला घातली जाते. सगळीच तुटत नाहीत. आणि जी केवळ आपल्या गप्प राहण्यावर टिकली होती, ती कितपत होती याचाही विचार करायला हवा.

राहण्याचा हक्क आणि कागदाचा हक्क

आता मला जी मुख्य गोष्ट सांगायची आहे तिच्याकडे येते. भाड्याच्या खोलीवरचा हक्क बराचसा राहण्यातून येतो. भाडेकरूपणाचं मूळच 'मी इथे राहतो' हे आहे. पागडीची खोली विकता येते, १९९९ च्या कायद्याने ते व्यवहार उघडही झाले. पण मालकाला मध्ये घ्यावं लागतं, त्याचा वाटा द्यावा लागतो, आणि तोवर साऱ्या चाळीला कळलेलं असतं. बाईला खोलीतून काढणं सोपं नसतं, कारण तिचं तिथलं असणं हाच पुरावा असतो. शेजारच्या चार जणी साक्षीला उभ्या असतात.

पुनर्विकास झाला की भाडेकरूचा मालक होतो. मालकीचा हक्क राहण्यावर अवलंबून नसतो, कागदावर असतो. ज्याचं नाव करारात, त्याचं घर. तो ते विकू शकतो, गहाण ठेवू शकतो, मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतो. म्हणजे घर मोठं होतं, पण जिचा हक्क राहण्यातून आला होता तिच्या पायाखालची जमीन त्याच दिवशी सरकते. शिवाय मधली तीन-चार, कधी दहा वर्षं ती तिथे राहतही नसते, कारण चाळ पाडलेली असते.

हे कुठे कुठे घडतं ते टप्प्याने बघू.

पहिला टप्पा संमतीपत्राचा. पूर्वी सत्तर टक्के भाडेकरूंची संमती लागायची, आता एक्कावन्न टक्के पुरते. ही संमती मागे न घेता येणारी असते, हे ध्यानात ठेवा. सही फक्त पावतीवाल्याची घेतात. घरातल्या बाईला कळतं तेव्हा सही होऊन गेलेली असते.

दुसरा टप्पा पात्र भाडेकरूंच्या यादीचा. ही यादी दुरुस्ती मंडळाकडून प्रमाणित व्हावी लागते. मयताच्या नावावरच्या पावत्या इथे निकाली निघतात आणि विधवेच्या, बहिणीच्या 'ना हरकत' सह्या इथेच गोळा होतात.

तिसरा टप्पा जागा रिकामी करण्याचा. बिल्डर दरमहा भाडं देतो, ते चेकने करारातल्या नावावर जातं. लालबागच्या एका आजींचं सांगते. पावती मुलाच्या नावावर केलेली होती. भाड्याचा चेक मुलाला यायचा. त्याने बदलापूरला लहान जागा घेतली आणि "तिथे तुझी गैरसोय होईल" म्हणून आईला गावी धाडलं, तात्पुरतं. ते तात्पुरतं नऊ वर्षं चाललं. इमारत उभी राहिली, तेविसाव्या मजल्यावर घर मिळालं. आता म्हणतात, "आईला लिफ्टची भीती वाटते." आजींनी मला फोनवर विचारलं, "मी कधी लिफ्टमध्ये बसलेच नाही गं, मला भीती वाटते हे त्यांना कुणी सांगितलं?"

चौथा टप्पा काम रखडण्याचा. बिल्डरने भाडं थांबवलं की घरात ताण येतो. बाईचं मंगळसूत्र गहाण जातं, मुलीचं शिक्षण थांबतं. संक्रमण शिबिरात जन्म काढलेली कुटुंबं या शहरात आहेत. २०१६ चा रेरा कायदा आला तेव्हा अनेकींना वाटलं, आता दाद मागता येईल. पण त्याचं संरक्षण प्रामुख्याने विक्रीची घरं घेणाऱ्या ग्राहकाला आहे. फुकट घर मिळणाऱ्या जुन्या रहिवाशाला त्याचा आधार मिळत नाही.

पाचवा टप्पा ताब्याचा आणि विक्रीचा. चाळीचं भाडं शे-दीडशे होतं. टॉवरचा देखभाल खर्च महिन्याला काही हजार येतो. "परवडत नाही, विकून टाकू, डोंबिवलीला दोन घरं येतील," असा हिशेब घरात सुरू होतो. पुष्कळदा तो हिशेब खराही असतो. पण दोन घरं दोन भावांच्या नावावर होतात, आणि आईने सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे राहायचं असं ठरतं.

पोटाचं काय?

आणखी एका गोष्टीची मोजणी कुठेच होत नाही. खोली ही बाईची कामाची जागाही असते. या भागातल्या खानावळवाल्या बायकांनी गिरणीकामगारांच्या पिढ्या जेवू घातल्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि सावकाराच्या व्याजात अडकलेल्या या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. चुलीपुढचं काम हाही धंदा आहे, हे तेव्हा पहिल्यांदा नीट मान्य झालं. पण पुनर्विकासाच्या यादीत खोली एकतर 'निवासी' असते नाहीतर 'अनिवासी'. खाली दुकान असेल तर दुकानाला दुकान मिळतं. वरच्या खोलीत आठ जणांचे डबे करणारी बाई मात्र निवासीच. चार वर्षं मानखुर्दला राहिल्यावर तिची गिऱ्हाईकं तुटतात. परत आल्यावर सोसायटीत नियम लागतो, मसाल्याचा वास येतो, जिन्यात पिंपं ठेवू नका. चाळीची गॅलरी ही पापड वाळवायची, मूल शेजारणीवर सोपवून कामाला जायची, नवऱ्याने हात उचलला तर धावून जायची जागा होती. बंद दाराच्या फ्लॅटमध्ये या तिन्ही सोयी नाहीत. मी चाळीचे गोडवे गात नाही. तिथे चहाड्याही होत्या, बाई कधी घरी आली याच्यावर पाळतही होती. पण जे बाईच्या कामाचं होतं ते नव्या नकाशात कसं बसवायचं, हे आर्किटेक्टला विचारायला बाई सभेत असायला हवी. पाळणाघराला एक खोली, बचत गटाला एक जागा, कपडे-वाळवणाला उघडा सज्जा, हे मागितलं तर नकाशात येऊ शकतं. इमारत बांधून झाल्यावर येत नाही.

कायदा कुठवर साथ देतो

नवरा हयात आहे आणि सगळं त्याच्याच नावावर आहे, अशी बाई विचारते, "माझा काय हक्क?" २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, जो ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला, तिला सामायिक घरात राहण्याचा हक्क देतो. घर भाड्याचं असो वा मालकीचं, तिचं नाव असो वा नसो. त्यातलं कलम १९ फार कामाचं आहे. नवऱ्याने घर विकू नये, गहाण टाकू नये, त्यावरचा हक्क सोडू नये, असा मनाई हुकूम मॅजिस्ट्रेट देऊ शकतात. परळच्या एका बाईच्या नवऱ्याने रोख रक्कम घेऊन बिल्डरला हक्क सोडायची बोलणी चालवली होती. तिने मार खाल्ल्याची तक्रार आधीच नोंदवलेली होती. वेळेत अर्ज केला म्हणून हुकूम मिळाला, आणि त्याची प्रत बिल्डरला दिल्यावर व्यवहार थांबला. घर सासऱ्याच्या नावावर असेल तर सून काही मागू शकत नाही, असं २००६ च्या एका निकालामुळे बरीच वर्षं सांगितलं जायचं. सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२० ला सतीश चंदर आहुजा खटल्यात ती समजूत दूर केली. सासऱ्याचं घरही सामायिक घर ठरू शकतं. पण लक्षात घ्या, हा राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नाही. आणि हिंसाचार झालेला असेल तरच या कायद्याचं दार उघडतं. हक्कासाठी आधी मार खावा लागावा, ही काही चांगली व्यवस्था नव्हे.

मुलींचं म्हणाल, तर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, केंद्राने २००५ साली. वडील २००५ मध्ये हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. नवं घर वडिलांच्या स्वतःच्या मालकीचं असेल आणि ते मृत्युपत्र न करता गेले, तर हिंदू कुटुंबात विधवा, मुलगे, मुली आणि वडिलांची आई यांना सारखा वाटा येतो. तो वाटा बुडतो हक्कसोडपत्रावर. बहिणींनी ओवाळणीत साडी घेऊन कोटीचा वाटा सोडल्याची उदाहरणं मी कितीतरी पाहिली. सोडायचा तर सोडा, पण काय सोडतोय हे माहीत असू द्या.

आता एक तुलना करते. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेच्या नियमात, म्हणजे ३३(१०) मध्ये, लिहिलेलं आहे की घराचा करार झोपडीधारक आणि त्याची जोडीदार यांच्या संयुक्त नावाने व्हावा. त्याची अंमलबजावणी सगळीकडे चोख होते असं नाही. टाकलेल्या बायकांचे प्रश्न तिथेही आहेत. पण नियम आहे, आणि त्यावर बोट ठेवून भांडता येतं. रस्त्यापलीकडच्या उपकरप्राप्त चाळीला ३३(७) लागू होतं, तिथे संयुक्त नावाची सक्ती नाही. झोपडीतल्या बाईचं नाव सरकारला सुचलं, मग चाळीतल्या बाईचं का सुचू नये? एप्रिल २०२१ पासून केवळ बाईच्या नावाने घर विकत घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. ज्यांच्याकडे विकत घ्यायला पैसा आहे त्यांच्यासाठी ते ठीक. आपल्या बायकांनी पन्नास वर्षं भाडं भरून, राहून, झिजून जे घर मिळवलं, त्याच्या करारावर एक नाव वाढवायला सरकारला खर्चही येत नाही.

आपण काय करायचं

नियम बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाही. काही गोष्टी उद्यापासून करण्यासारख्या आहेत.

घरी गेल्यावर भाडेपावती काढून बघा, कुणाचं नाव आहे. मयताचं असेल तर बदलण्याचा अर्ज आत्ताच करा, आणि त्यात आईचं, बायकोचं, तिथे राहणाऱ्या बहिणीचं नाव घालायला सांगा.

त्या पत्त्यावरचा स्वतःच्या नावाचा एक तरी कागद जपा. मतदार कार्ड, बँकेचं पुस्तक, दवाखान्याचा कागद, मुलांच्या शाळेचा दाखला. रेशनकार्डावरून आपलं नाव कुणी 'तात्पुरतं' कमी करत असेल तर करू देऊ नका. संक्रमण काळात कुठेही राहायला गेलात तरी मूळ पत्त्याचे पुरावे टाकू नका.

न वाचता सही किंवा अंगठा नाही. "हरकत नाही" या दोन शब्दांत घर जातं. वाचता येत नसेल तर आमच्यापैकी कुणाला बोलवा, पण प्रत हातात घेतल्याशिवाय सही करू नका.

कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार नोंदवताना दोघांची नावं घाला, असं नवऱ्याला आत्ताच सांगा. करार व्हायच्या आधी ही गोष्ट एका ओळीची असते, नंतर ती वकिलाची होते. आणि 'नॉमिनी केलंय की' यावर समाधान मानू नका. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे.

चाळीच्या नियोजित संस्थेच्या समितीवर बायका हव्यात. संस्थेची नोंदणी झाल्यावर समितीत बायकांसाठी दोन जागा राखीव असतात. पण बिल्डर निवडणं, करार, नकाशा हे महत्त्वाचे निर्णय बरेचदा नोंदणीच्या आधीच होऊन जातात. तेव्हा राखीव जागेची वाट न पाहता आधीच खुर्ची घ्या. कुकर नवऱ्याला बंद करू दे.

आणि शेवटची गोष्ट आपण सगळ्यांनी मिळून करायची आहे. आज इथे सह्यांचे कागद ठेवले आहेत. मागणी तीन ओळींची आहे. उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासात नव्या घराचा करार पती-पत्नींच्या संयुक्त नावानेच व्हावा. पात्र भाडेकरूंच्या यादीत प्रत्येक खोलीत राहणाऱ्या सर्व सज्ञान बायकांची नोंद असावी. आणि बाईची 'ना हरकत' सही अधिकाऱ्यासमोर, तिला मजकूर समजावून सांगितल्यानंतरच ग्राह्य धरावी. कागद दाराजवळच्या टेबलावर आहेत. या कागदावरही वाचूनच सही करा.